हॉटेलातील टीप कोणाची, आणि चांगले काम कशाने होते?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. निपाणीजवळ राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या कडेला तुम्ही अकरा टेबलांचे हॉटेल सुरू केले, त्याला दीड वर्ष झाले. बाहेर पाच वेटर आणि दोन टेबल पुसणारे, आत भट्टीवर व भांड्यांवर मिळून चार माणसे. तुमची तक्रार अशी की मोटारीतून उतरणाऱ्या, टीप देतील असे वाटणाऱ्या गिऱ्हाइकांभोवती मुले घोटाळतात आणि बाजाराला आलेल्या शेतकरी कुटुंबाला पाणीसुद्धा वेळेवर मिळत नाही. शिवाय लोक मोबाइलवरून पैसे देऊ लागल्यापासून टीप आटली, म्हणून तीच मुले आता पगार वाढवून मागतात. यावर तुम्ही तीन उपाय विचारले आहेत. टीप पूर्ण बंद करावी का, सगळी एकत्र करून वाटावी का, की बिलातच पाच टक्के सेवा शुल्क लावावे.

मी १९८८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, जांबोटीच्या बाजूच्या एका खेड्यातून बेळगावात टेबल पुसायला आलो. पुढे वेटर झालो, कॅप्टन म्हणजे वेटरांचा प्रमुख झालो आणि शेवटची सतरा वर्षे दोन हॉटेलांचा कारभार पाहिला. आता नव्या हॉटेलांना मुले तयार करून देण्याचे काम करतो. टीप घेणाऱ्याच्या आणि टीप घेणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्याच्या, अशा दोन्ही जागांवरून मी हा विषय पाहिला आहे, म्हणून माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. टीप हा गिऱ्हाइकाने वेटरला दिलेला पैसा आहे. मालकाने त्याला हात लावू नये आणि त्याच्या भरवशावर पगारही ठरवू नये. काम चांगले करून घेणे ही मालकाची जबाबदारी आहे, ती गिऱ्हाइकाच्या खिशावर ढकलता येत नाही. तुमच्याकडे शेतकरी कुटुंब पाण्यावाचून बसून राहते, कारण त्या मुलांची घरे टीपेवर चालतात आणि कोणत्या टेबलाकडे कोणी पाहायचे हे तुम्ही ठरवून दिलेले नाही.

मी ज्या पहिल्या हॉटेलात होतो तिथे गल्ल्याशेजारी एक लाकडी पेटी होती. बडीशेपेच्या ताटलीत गिऱ्हाइकाने जे काही ठेवले असेल ते वेटरने मालकाच्या समोर त्या पेटीत टाकायचे, असा नियम होता. महिनाअखेरीस मालक एकटाच पेटी उघडत असे. फुटलेल्या ग्लासांचे, हरवलेल्या चमच्यांचे, एखादे गिऱ्हाईक बिल न देता निघून गेले असेल तर त्या बिलाचे, असे सगळे पैसे त्यातून वजा व्हायचे आणि उरलेले त्याच्या मर्जीप्रमाणे वाटले जायचे. एका दिवाळीत पेटी तोंडापर्यंत भरलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली होती, आणि हातात प्रत्येकी पंधरा रुपये आले. त्या दिवसापासून तिथला प्रत्येक जण ओल्या फडक्याच्या घडीत नाणे सरकवायला शिकला. टेबल पुसता पुसता ताटली उचलायची, अंगठ्याने नाणे फडक्यात लोटायचे, फडके खांद्यावर टाकायचे आणि आत जायचे. समोर बसलेल्या माणसालाही कळत नसे. मीही ते केले आहे. जो मुलगा स्वतःच्या हक्काचा पैसा चोरून घ्यायला शिकतो, त्याला पार्सलच्या दोन प्लेटी चिठ्ठीवर न लिहिण्यापर्यंत पोचायला फार दिवस लागत नाहीत. वर्षभरात तिथे तेही सुरू झाले, आणि मालकाला शेवटपर्यंत वाटत राहिले की आपल्याला मुलेच वाईट मिळाली. (त्या पेटीत पैसे टाकणाऱ्यांत माझ्याहून लहान, दहा-बारा वर्षांची मुलेही होती. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलांत आणि ढाब्यांवर चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी आली. ती किती आवश्यक होती हे त्या मुलांचे रात्रीचे सुजलेले पाय पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.)

दुसऱ्या हॉटेलात याच्या अगदी उलट अनुभव आला. नेहरूनगरच्या मोठ्या रुग्णालयामुळे बेळगावात रोज बाहेरगावची माणसे येतात. अथणी, रायबाग, गोकाक, चंदगड आणि सिंधुदुर्गातूनही येतात. त्यांच्यातले बरेच जण रुग्णासाठी घरून आणलेला डबा घेऊन हॉटेलात यायचे आणि त्यात वरण-भात भरून मागायचे. बिल थोडे, टीप नाही, आणि डबा बहुधा सकाळचा खरकटा असायचा. आमच्याकडे एक वयस्क वेटर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मामा तो डबा हातात घेऊन आधी झाकणाचा वास घेत, मग भट्टीजवळच्या उकळत्या पाण्याने दोनदा विसळत, कोरड्या फडक्याने पुसत आणि फोडणीचे तिखट वर तरंगत असेल तर वरण खालून, डाव बुडवून काढत. गर्दीच्या वेळी मी एकदा त्यांना म्हणालो, मामा, इतका वेळ कशाला घालवता? ते म्हणाले, "अरे, डब्याला आंबूस वास राहिला तर भात तासाभरात उतरतो. आजारी माणूस खाणार आहे ना?" त्यांनी मला धर्म किंवा पुण्य सांगितले नाही, भात उतरण्याचे कारण सांगितले. आपण जे वाढतो ते नंतर कोणाच्या पोटात जाते इतके लक्षात ठेवून हात चालवणे, याला मी कामाची निष्ठा म्हणतो. आणि त्या मामांना तसे काम करता येत होते, कारण त्या हॉटेलात सात तारखेला पगार चुकत नसे, राहायला खोली होती आणि मालक ज्या भाजीने जेवत त्याच भाजीने आम्ही जेवत होतो. ज्याला रात्री घरी दोनशे रुपये नेल्याशिवाय चूल पेटणार नाही अशी धास्ती आहे, तो डब्याचा वास घेत बसणार नाही. तो दारात थांबणारी मोटार पाहील.

टीपेमुळे काम सुधारते ही समजूत आपल्याकडेच नाही, जगभर आहे, आणि तिचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. गिऱ्हाइकाला सेवा कितपत आवडली आणि त्याने किती टीप ठेवली, यांचा संबंध अगदीच दुबळा असतो असे त्यांना आढळले. ज्या देशात टीप घेणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर थांबले आहे आणि बाकीचे गिऱ्हाइकाने भरायचे असते, तिथला हा निष्कर्ष आहे. माझ्या टेबलांवरचा अनुभवही याहून वेगळा नव्हता. चोर्ला घाटातून खरेदीला आलेले गोव्याचे कुटुंब जेवण साधारण झाले तरी पन्नासाची नोट ठेवते, कारण त्यांच्याकडे तशी सवय आहे. रविवार पेठेतला व्यापारी उत्तम सेवेनंतरही बिलाइतकेच पैसे देतो, पण तो वर्षातले तीनशे दिवस येतो आणि तुमचे भाडे त्याच्यामुळे निघते. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा शहरातली सगळी हॉटेले भरतात. त्या दिवसांत चांगली टीप बहुतेक वेळा साहेबांकडून मिळत नाही, त्यांच्या चालकाकडून मिळते. आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांच्या शपथविधी परेडला आलेला एखाद्या मुलाचा बाप, ज्याला हॉटेलात जेवायची सवय नाही, तो जाताना दहाची नोट दोन्ही हातांनी पुढे करतो. यांपैकी कोणाच्याही टीपेवरून वेटरने काम कसे केले हे कळत नाही. म्हणून टीप हे कामाचे माप धरून मुलांना चांगले-वाईट ठरवू नका, आणि मुलांनाही गिऱ्हाइकाची पारख कपड्यांवरून करू देऊ नका.

आता तुमच्या हॉटेलाकडे येतो. सर्वांत आधी पगार पाहा. कर्नाटकात हॉटेल उद्योगासाठी किमान वेतन ठरलेले आहे आणि त्यातला महागाई भत्ता दरवर्षी १ एप्रिलपासून बदलतो. चालू दराचा तक्ता कामगार खात्याकडून घेऊन गल्ल्यामागे लावा. निपाणीचे अनेक मालक कागल-कोल्हापूरच्या दराशी तुलना करतात, पण तुमचे हॉटेल कर्नाटकात आहे, तेव्हा तुम्हाला इथलाच दर लागू. टीप धरून एवढे होते, असे म्हणून तो दर भरून काढता येत नाही. मुले पगार वाढवून मागतात म्हणून तुम्ही नाराज दिसता. मला मात्र त्यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. इतके दिवस पगारातली जी तूट गिऱ्हाइके नकळत भरून काढत होती ती उघडी पडली आहे, आणि ती तुमच्याकडे मागितली जात आहे. ती भरा. कामाचे तास दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस याच्यावर गेले तर जादा वेळेचे पैसे दुप्पट दराने द्या, आठवड्याची सुट्टी खरोखरच द्या. महामार्गावरच्या हॉटेलात सकाळी अकरा ते रात्री अकरा असे बारा तास मुलाला उभे ठेवायचे आणि रात्री दहाला आलेल्या कुटुंबाकडे त्याने हसून पाहावे अशी अपेक्षा करायची, हे जमत नाही. दुपारी साडेतीन ते सहा त्याला झोपू द्या. तेवढ्या एका गोष्टीने रात्रीच्या तक्रारी कमी होतात हे मी दोन्ही हॉटेलांत पाहिले.

फुटलेल्या काचेचे पैसे कापणे आजच बंद करा. ग्लास फुटणे हा धंद्यातला खर्च आहे. जिथे ते कापले जातात तिथे मुले एका हातात दोनच ग्लास घेऊन चालतात आणि तुमच्या फेऱ्या दुप्पट होतात.

शेतकरी कुटुंबाकडे दुर्लक्ष का होते, याचे दुसरेही एक कारण तपासा, कारण ते मालकांच्या सहसा लक्षात येत नाही. तुमच्या पाच वेटरांत दोघे ओडिशाचे आणि एक नेपाळचा आहे असे तुम्ही लिहिले आहे. निपाणीच्या बाजाराला आलेला माणूस मराठी बोलतो, संकेश्वर-हुक्केरीकडचा माणूस कन्नड बोलतो, आणि त्याची बायको हिंदीत मागणी सांगायला संकोचते. मोटारीतला पर्यटक हिंदी बोलतो, म्हणून त्या मुलांना त्याच्याकडे जाणे सोपे वाटते. ज्याला तुम्ही लोभ समजता तो अर्धा वेळ भाषेचा बुजरेपणा असतो. मी मुलांना पहिल्या आठवड्यात वीस वाक्ये मराठीत आणि वीस कन्नडमध्ये पाठ करून घेतो. "बसा काका, पाणी आणतो", "एन बेक्री" (काय हवे), भाकरी ज्वारीची की तांदळाची, तिखट कमी करू का, एवढ्यावर काम भागते. ज्याला तिन्ही भाषा नीट येऊ लागतात त्याचा पगार थोडा वाढवा. आपल्या भागात ते मोठे कसब आहे आणि त्याचे मोल टीपेतून कधीच होत नाही.

त्यानंतर टेबलांची वाटणी. अकरा टेबले आणि पाच वेटर असतील तर गर्दीच्या वेळी चार जणांना टेबले आणि पाचव्याकडे पार्सल व पाणी अशी रचना करा. खिडकीजवळची आणि पंख्याखालची टेबले, जिथे मोटारीतले लोक बसतात, ती कायमची एकाकडे ठेवू नका. रोज वाटणी पुढे सरकवा, म्हणजे ज्याच्याकडे आज पहिली तीन टेबले आहेत त्याच्याकडे उद्या पुढची तीन, आणि पाचव्या दिवशी त्याच्यावर पार्सलची पाळी. वाटणीचा कागद भट्टीच्या दाराशी सकाळी लावायचा आणि त्या दिवशी तो कोणी बदलायचा नाही, अगदी तुमचा नातेवाईक जेवायला आला तरी नाही. आपल्या टेबलावरच्या माणसाला पाणी मिळाले नाही तर उत्तर कोणी द्यायचे हे यामुळे ठरते. आज तुमच्याकडे ते कोणाचेच नाही, म्हणून ज्याला जिथे जावेसे वाटते तिथे तो जातो. याच्या जोडीला आमच्या धंद्यातला जुना नियम लावा: रिकाम्या हाताने आत जायचे नाही आणि रिकाम्या हाताने बाहेर यायचे नाही. आत जाताना कोणाचेही खरकटे ताट असो, ते उचलायचे. बाहेर येताना पाण्याचा जग तरी हातात हवा.

टीप एकत्र करावी का, याचे उत्तर हॉटेल कसे आहे यावर अवलंबून आहे. जिथे दारू मिळते तिथे रात्री एकेका टेबलावर मोठी टीप पडते आणि ती बहुधा एकाच वेटरच्या तीन तासांच्या धीराची असते. तिथे मी ज्याची टीप त्याला आणि त्यातला ठरावीक वाटा इतरांना, अशी पद्धत ठेवत आलो. तुमच्यासारख्या जेवणाच्या छोट्या हॉटेलात मात्र सगळी एकत्र करणे बरे. एका थाळीमागे भाकरी थापणारी मावशी आहे, ताट घासणारा आहे, टेबल पुसणारा आहे, आणि टीप ज्याच्या हातात पडते तो फक्त शेवटचा माणूस असतो. माझ्या एका हॉटेलात आम्ही असे ठरवले होते: वेटरला एक पूर्ण वाटा, टेबल पुसणाऱ्याला अर्धा, आतल्या प्रत्येकाला पाव. पार्सलच्या पाळीवर असलेल्यालाही त्या दिवसाचा पूर्ण वाटा, नाहीतर ती पाळी शिक्षा वाटते. नव्या माणसाचा वाटा पंधरा दिवसांनंतर सुरू. रजेवर असलेल्याला वाटा नाही, पण कामावर असताना भाजले किंवा कापले म्हणून घरी बसला असेल तर त्याचा वाटा ठेवायचा. हे आकडे तुम्ही जसेच्या तसे घेऊ नका. मुलांना एकत्र बसवा, तुम्ही बाहेर जा आणि त्यांना ठरवू द्या. तुम्ही ठरवलेला वाटा त्यांना मालकाची मर्जी वाटेल. पेटीला दोन कुलुपे असावीत, एक किल्ली वेटरांतल्या एकाकडे आणि दुसरी आतल्या एकाकडे. तुमच्याकडे एकही नको. दर रविवारी रात्री शटर अर्धे ओढल्यावर पेटी सर्वांसमोर उघडायची, वहीत रक्कम लिहायची, सह्या घ्यायच्या आणि तिथेच वाटायची. कॅप्टन वेटरचे काम करत असेल तरच त्याला वाटा. मालकाचा भाऊ गल्ल्यावर बसत असेल तर त्याला वाटा कधीच नाही.

एकत्र करण्यात एक खरी अडचण आहे: मन लावून काम करणाऱ्याला वाटते की आपल्या कष्टावर दुसरा जगतो आहे. ही तक्रार खोटी नसते. तिचा उपाय पेटीत शोधू नका, पगारात शोधा. चांगल्या वेटरचा पगार वाढवा, आणि कामचुकार माणसाला दोनदा समजावून तिसऱ्यांदा निरोप द्या. तो निर्णय घेण्याचा कंटाळा करून मालक टीपेला शिस्तीचे काम करायला लावतात, आणि ते तिला कधीच साधत नाही.

पाच टक्के सेवा शुल्काचा विचार सोडून द्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून हॉटेलांना बिलात आपोआप सेवा शुल्क लावण्यास, दुसऱ्या नावाने ते घेण्यास आणि त्याची सक्ती करण्यास मनाई केली. हॉटेलचालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, काही काळ स्थगिती मिळाली, पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगितले. गिऱ्हाईक १९१५ या क्रमांकावर तक्रार करू शकते. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणूनही हे चुकीचे आहे. आपल्याकडच्या बिलावर अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा असा पाच टक्के जीएसटी आधीच असतो. त्याखाली आणखी एक पाच टक्क्यांची ओळ दिसली की लोकांना वाटते सरकारच दोनदा कर घेते, आणि गल्ल्यावर भांडण होते. ज्याला खुशीने दहा रुपये ठेवायचे होते तोही मग ठेवत नाही. तुम्हाला पगारासाठी पैसे हवे असतील तर थाळीचा दर दहा रुपयांनी वाढवा आणि तो दरपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहा. दर वाचून गिऱ्हाईक आत येते किंवा येत नाही. यात फसवणूक नाही.

मोबाइलवरून पैसे देण्याचा परिणाम तुम्ही लिहिला आहे तो खरा आहे. पूर्वी एकशे त्र्याऐंशी रुपयांच्या बिलाला दोनशेची नोट यायची, ताटलीत सतरा रुपये परत जायचे आणि त्यातले निदान सात मागे राहायचे. आता लोक नेमके एकशे त्र्याऐंशीच पाठवतात. सुट्टे पैसेच उरत नाहीत. पण ज्याला टीप द्यायची असते तो दोनशे पाठवतो आणि म्हणतो, वरचे पोराला द्या. ते सतरा रुपये तुमच्या खात्यात येतात, आणि गर्दीत विसरले जातात. इथे मालकाची परीक्षा आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटीसी कंपनीच्या प्राप्तिकराच्या प्रकरणात सांगितले की गिऱ्हाइकाने कार्डाने दिलेली आणि हॉटेलाने कामगारांना पोचवलेली टीप म्हणजे पगार नव्हे. मालक तो पैसा विश्वस्त म्हणून सांभाळतो, म्हणून त्यावर पगारासारखी करकपात करण्याचे बंधन त्याच्यावर येत नाही. मोठ्या हॉटेलाला जे तत्त्व लागू तेच तुमच्या गल्ल्यालाही लागू समजा. गल्ल्यावर एक वेगळी वही ठेवा, वर आलेली प्रत्येक रक्कम त्याच क्षणी वेळेसह लिहा आणि रात्री गल्ला मोजताना तेवढी रोख रक्कम पेटीत टाका. वेटरांच्या नावाचा वेगळा स्कॅनर भिंतीवर लावू नका. तो ज्याच्या खात्याला जोडलेला असेल त्याच्याविषयी महिन्याभरात संशय सुरू होतो, आणि भिंतीवरून टीप मागितल्यासारखेही दिसते.

टीप घेण्याची रीतही शिकवावी लागते. पाचशेच्या नोटेवर एकशे साठ परत द्यायचे असतील तर काही मुले मुद्दाम सोळा दहाच्या नोटा आणतात, म्हणजे गिऱ्हाइकाला त्यातली एक-दोन ठेवावीशी वाटावी. एक शंभर, एक पन्नास आणि एक दहा असे द्यावे, ताटली टेबलावर ठेवावी आणि तिथून निघावे. उभे राहिले की ते मागणे होते. पूर्ण परतावा न आणता "राहू दे ना साहेब" म्हणणारा मुलगा मी त्याच दिवशी गल्ल्यासमोर बोलावून गिऱ्हाइकाचे पैसे परत द्यायला लावत असे. आणि ज्याने काही ठेवले नाही त्यालाही "या काका पुन्हा" म्हणून दारापर्यंत पाहायचे.

टीप पूर्ण बंद करण्याविषयी एवढेच सांगतो की न्यूयॉर्कमध्ये डॅनी मेयर यांच्यासारख्या नावाजलेल्या हॉटेलचालकाने २०१५ मध्ये आपल्या हॉटेलांत टीप बंद करून दर आणि पगार वाढवले होते, आणि २०२० मध्ये त्यांना टीप पुन्हा सुरू करावी लागली. आपल्या भागात तर तुम्ही "टीप देऊ नये" असा फलक लावलात तरी एखादी आजी जाताना मुलाच्या हातात पाच रुपये कोंबणारच, आणि ते परत करायला लावणे मला योग्य वाटत नाही.

शेवटी तुम्ही तुमच्या सर्वांत चांगल्या वेटरविषयी विचारले आहे: तो खानापूर तालुक्यातला आहे, पेटीत टीप टाकायला तयार नाही, आणि सक्ती केली तर हंगामात गोव्याला जाईन म्हणतो. गोव्याचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च चालतो आणि आमच्या बाजूची मुले तिकडे जातातच, त्याला धमकी समजू नका. त्याला एकट्याला बोलवा आणि गेल्या दोन महिन्यांत त्याला रोज सरासरी किती टीप मिळाली ते विचारा. तो खरे सांगेल. पेटीतून त्याला जेवढे कमी पडेल तेवढे त्याच्या पगारात वाढवून द्या, त्याला कॅप्टन करा आणि त्या दोन ओडिशाच्या मुलांना मराठीची वीस वाक्ये शिकवण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. त्यानंतरही तो गेला तर मार्चमध्ये परत येण्याचे दार उघडे ठेवा, आणि निघताना त्याचा पगार, राहिलेली सुट्टी आणि त्या रविवारपर्यंतचा पेटीतला वाटा त्याच्या हातात मोजून द्या. बाकीचे दहा जण ते पाहत असतील.